पूर्व फाटकावरचा आकडा

फोन आला तेव्हा फौजदारबाईंच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता.

“बाई, राष्ट्रीय उद्यानात माणूस मेलाय,” हवालदार पलीकडून म्हणाला. “वरच्या कुरणावर. बाकावर.”

“बसल्या बसल्या?”

“हो. हात मांडीवर, नजर समोर. फोटोला बसतात तसा.”

“कोण आहे?”

हवालदारानं आवाज खाली आणला. “फाटकदादा.”

फौजदारबाईंनी ब्रश बाजूला ठेवला. चूळ भरायचंही त्यांना सुचलं नाही.

फाटकदादाला न ओळखणारा माणूस त्या गावात शोधावा लागला असता. एक्केचाळीस वर्षं तो उद्यानाच्या पूर्व फाटकावर रखवालदार होता. निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली, तरी खात्यानं नवा माणूस दिला नव्हता, म्हणून तोच. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो त्याचा त्या दिवसाचा आकडा सांगायचा. ‘तुम्ही त्रेसष्टावे. सावकाश फिरा.’ शाळेच्या सहलीबरोबर फौजदारबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्या दोनशे सातव्या होत्या. पस्तीस वर्षं झाली त्याला.

कुरणावर जायची पायवाट झऱ्याच्या कडेनं होती आणि बारा महिने चिखलाची. वर पोचेपर्यंत बाईंच्या बुटांचा रंग ओळखू येईना. हवालदार दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा त्यानं सरकारी वाटेला सरकारी शिवी दिली.

दादा बाकावर होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मफलर छातीवर फुली करून कोटाच्या आत नीट खोचलेला. चष्मा घडी करून वरच्या खिशात. पहाटे पक्षी बघायला आलेल्या एका निवृत्त शिक्षकाला तो दिसला होता. त्यानं आधी नमस्कार केला, उत्तर आलं नाही म्हणून जवळ गेला, आणि मग धावत खाली आला.

बाई दादाच्या पायांशी उकिडव्या बसल्या.

“बूट बघ.”

“स्वच्छ आहेत,” हवालदार म्हणाला.

“आणि तुझे?”

हवालदारानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला.

“चालत आलेला नाही तो,” बाई म्हणाल्या. “कोणीतरी आणून बसवलंय.”

खिशांत फारसं काही नव्हतं. रुमाल, घराची किल्ली. डाव्या खिशात नदीतले चार गुळगुळीत खडे. उजव्या खिशात तसेच सहा.

“म्हातारपणी माणसं खडे जमवतात,” हवालदार म्हणाला.

“जमवणारा एका खिशात जमवतो,” बाई म्हणाल्या आणि कुरणाकडे पाहत राहिल्या.

या कुरणावर एके काळी बत्तीस घरांची वस्ती होती. पंचावन्न वर्षांपूर्वी ती उठवून हे उद्यान झालं. फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेलं आहे की ग्रामस्थांनी स्वखुशीनं जमीन दिली. दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता. कोणी फलक मोठ्यानं वाचायला लागलं, की तो तेवढ्यापुरता केबिनमध्ये जाऊन बसायचा. हा बाक जिथं होता, तिथं त्याच्या घराचा उंबरा होता.

ज्यानं कोणी त्याला इथं आणलं, त्याला हे माहीत होतं.

*

उद्यानाचा अधीक्षक पूर्व फाटकावरच वाट बघत उभा होता. चाळिशीचा, उंच, डोळे लाल. एकोणिसाव्या वर्षी वाटाड्या म्हणून तो इथं लागला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. दादा आणि त्याची बायको, काकू, यांना मूल नव्हतं. त्यांनी त्याला घरी ठेवून घेतला, सहा वर्षं. पुढे तो शिकला, परीक्षा दिल्या, आणि दादाचा साहेब होऊन परत आला. तरी दादा त्याला चारचौघांत ‘लेका’ म्हणायचा आणि तो उभा राहून ऐकून घ्यायचा.

“शेवटचं कधी पाहिलंत?” बाईंनी विचारलं.

“काल दुपारी तीनला. म्हणाले, जरा वर कुरणावर जाऊन येतो. त्यानंतर फाटक मीच सांभाळलं.”

“गुडघा दुखायचा ना त्यांचा? एवढं चढून?”

“मी म्हटलं तसं. ऐकलं नाही.”

“परत आले नाहीत, तरी शोधलं नाहीत?”

अधीक्षकानं खाली पाहिलं. “अनुदान समिती आली होती. साडेपाचला. सचिव आणि आणखी दोघं. आकडा घ्यायला. सव्वासहाला गेले. मला वाटलं, दादा मागच्या वाटेनं घरी गेले असतील.”

आकडा म्हणजे काय, ते सगळ्या गावाला पाठ होतं. उद्यानात प्रवेश फुकट. पण सलग तीन वर्षं येणाऱ्यांची संख्या ठरलेल्या रेषेखाली राहिली, की राष्ट्रीय दर्जा जाणार, अनुदान बंद, आणि खालची दरी दगडाच्या खाणीला. दोन वर्षं सरली होती. तिसऱ्याचा शेवटचा दिवस काल होता.

“आणि आकडा?”

“गेले तीन महिने फार चांगला आहे. कालचा सातशे बेचाळीस.”

बाईंनी फाटक नीट पाहिलं. कमरेएवढ्या उंचीवर तीन लोखंडी दांड्यांचं फिरतं फाटक. माणूस ढकलून आत गेला, की केबिनमधल्या काचेमागचा आकडा एकानं पुढे सरकायचा. बाहेर पडायला शेजारी साधा झुलता दरवाजा.

हवालदारानं दांडा हातानं गरागरा फिरवला. “सोप्पं आहे की. दहा मिनिटांत हजार माणसं आत!”

बाई काचेपाशी होत्या. “एकही नाही. आकडा हलला नाही.”

“खाली पाट आहे,” अधीक्षक म्हणाला. “त्यावर माणसाचं वजन पडलं तरच मोजतं.”

केबिनमध्ये नोंदवही होती. दर तासाला वाचन. दादाचं पेन्सिलीतलं बसकं, जाड अक्षर पानोपानी ओळीनं. बाईंनी कालचं पान उघडलं. तीन वाजता चारशे दोन. चार वाजता पाचशे अठ्ठ्याऐंशी. पाच वाजता सातशे एकतीस. त्याखाली निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, अखेरचा आकडा: सातशे बेचाळीस.

“उद्यान किती वाजता बंद होतं?”

“पाचला.”

बाईंनी पानाचा फोटो काढला. केबिनच्या मागं एक छोटी खोली होती. खाट, चहाची शेगडी, कोपऱ्यात झाडू. खाटेवरची चादर ताणून घातलेली, एकही सुरकुती नाही. भिंतीवर बॅटरीच्या गाडीची किल्ली अडकवायला खिळा होता. मागचा डांबरी रस्ता लांबच्या वळशाचा, पायी कोणी जात नसे; त्यावरून ही गाडी थेट कुरणापर्यंत जायची. खिळा रिकामा होता.

“किल्ली?”

“माझ्याकडे असते,” अधीक्षक म्हणाला.

*

काकूंना बातमी कळली होती. घरात शेजारणी जमल्या होत्या. बाईंना पाहून त्या आपापला कप उचलून स्वयंपाकघरात सरकल्या.

“हल्ली त्यांचं काही बिनसलं होतं का?” बाईंनी विचारलं.

“थकून यायचा. आला की पायरीवर बसायचा, बूट काढायचीही ताकद नसायची. मी म्हणायची, बसून तर असतोस दिवसभर, एवढा दमतोस कशानं? तर हसायचा. म्हणायचा, गर्दी वाढलीय.”

“कोणाशी भांडण?”

“त्या खाणवाल्याशी झालं होतं, परवा. फाटकावर येऊन म्हणाला, दोन दिवस राहिलेत म्हाताऱ्या, मग इथं सुरुंग लागतील. घरी येऊन जेवला नाही तो.” काकूंनी पदरानं डोळे टिपले. “आम्हाला उठवलं ना बाई, तेव्हा त्याच्या बापाला साहेब म्हणाला होता, तुमचं घर जातंय, पण ते सगळ्यांचं होतंय. बाप मरेपर्यंत तेच वाक्य सांगायचा. आणि आता हे म्हणतात, सगळे येत नाहीत, म्हणून दगडवाल्याला देऊन टाकू. मग आमचं घर गेलं ते कोणासाठी?”

बाईंनी फोनमधला फोटो पुढे केला.

“मफलर असा तुम्ही बांधला होता?”

काकूंनी फोटो जवळ घेतला. “नाही. तो बांधूच द्यायचा नाही मला. गळा आवळल्यासारखं वाटतं म्हणायचा. सकाळी नुसता खांद्यावर टाकून गेला. असा फुली करून आत खोचायचा म्हणजे...”

त्या थांबल्या.

“म्हणजे काय, काकू?”

“काही नाही.”

“अजून कोणाला बांधायचात तुम्ही असा?”

काकूंनी फोन परत दिला. स्वयंपाकघरात कोणाचातरी कप बशीवर वाजला.

“मला जरा पडू दे, बाई,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

*

“मारहाण आहे ही, मी सांगतो,” हवालदार दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला. “मांड्यांवर वळ आहेत म्हणे. खाणवाल्याला उचलू या.”

वळ खरोखर होते. दोन्ही मांड्यांवर, वरच्या बाजूला, आडवे आणि सरळ. डॉक्टर म्हणाले, “पण हे काठीचे नाहीत. काही जुने, पिवळे पडलेले. काही कालचे. जुन्यावर नवे, त्यावर आणखी नवे. दोन-तीन महिने रोज त्याच जागी काहीतरी टेकत आलंय.”

“मरण कशानं?”

“हृदय. आणि मेल्यावर निदान तासभर तो पाठीवर निजलेला होता. रक्त पाठीकडे उतरलंय. बसवला नंतर.”

“वेळेत आणला असता तर?”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. “अशा दहांतले सात वाचतात. गाडी फाटकावर बारा मिनिटांत पोचते. तुम्हीच हिशेब करा.”

खाणवाला आपणहून आला. अंगानं आडवा, बोलायला मोकळा.

“शिव्या दिल्या मी, मान्य. पण मी त्याला मारीन कशाला? आकडा पडला की दरी आपोआप माझी. मी तर त्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करत होतो!”

“आकडा पडत नव्हता. वाढत होता.”

“तेच तर मला कळेना. परवा दुपारी फाटकासमोर गाडीत तासभर बसलो. चार माणसं आत गेली. चार! भांडलो ते त्यावरूनच. काल संध्याकाळी मी कुठं होतो विचारताय? दात काढून घेत होतो. हे बघा भोक.”

हवालदारानं ते भोक पाहिलं आणि नाइलाजानं वहीत लिहून घेतलं.

उद्यानातल्या कँटीनवालीनं तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. तिचं दुकान फाटकाच्या आतल्या वळणावर. आत येणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जातो, दुसरी वाट नाही.

“काल? पन्नास-एक माणसं असतील. तीननंतर तर कुत्रंसुद्धा नाही. मी पाचला दुकान बंद केलं.”

“फाटकावर सातशे बेचाळीस लागलेत.”

ती तोंडाला पदर लावून हसली, आणि हसताना तिला आठवलं की दादा मेलाय. “मग बाकीचे उडत गेले असतील,” ती हळूच म्हणाली.

“हे आधी कोणाला सांगितलं नाहीस?”

“मला कोण विचारतं, बाई?”

दुपारी टेलिफोनच्या कचेरीतून कागद आला. फाटकाच्या केबिनमधून काल संध्याकाळी एकच फोन गेला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी. रुग्णवाहिकेला. आठ सेकंदांत तो ठेवला गेला.

अनुदान समितीचे सचिव विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सामान बांधून बसले होते. नीटनेटका, सभ्य माणूस.

“काल साडेपाचला तुम्ही केबिनमध्ये गेलात. तिथं कोण होतं?”

“अधीक्षक. त्यांनी चहा केला. आकडा दाखवला. मी मोठ्यानं वाचला, सातशे बेचाळीस, छान म्हणालो.”

“अजून कोणी?”

“नाही. म्हणजे... मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं. एकदा. जरा घरघर लागल्यासारखं. अधीक्षक म्हणाले, रखवालदार आहे, सर्दीनं निजलाय.”

“किती वाजता?”

“पावणेसहा झाले असतील. दुसरा कप ओतत होते ते.” सचिवांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “का? काय झालं?”

बाईंनी सांगितलं. सचिवांनी बॅग उघडून एक कागद काढला आणि पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. त्यात काय होतं, ते त्यांनी हवालदारालाही सांगितलं नाही.

*

चारच्या सुमारास बाई अधीक्षकाला घेऊन केबिनच्या मागच्या खोलीत गेल्या. हवालदार दारात उभा राहिला.

“बसा,” बाई म्हणाल्या.

अधीक्षक खाटेवर बसता बसता थांबला आणि स्टुलावर बसला.

“तुम्ही म्हणालात, दादा तीनला गेले. पण चारची नोंद त्यांच्या पेन्सिलीतली आहे. पाचचीही. ते पाचपर्यंत इथंच होते. आणि पाचला उद्यान बंद झाल्यावर आकडा अकरानं वाढलाय. कोण आलं ती अकरा माणसं?”

अधीक्षकानं स्टूल जरा मागं सरकवलं.

“मी सांगते. एकच माणूस आला. दिवसभर तोच येत होता. दांडा मांडीनं ढकलायचा, पाटावर पाय द्यायचा, आत यायचं. शेजारच्या दारानं बाहेर पडायचं. पुन्हा दांडा. शंभर फेऱ्या झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. काल सहा खडे झाले होते, सातवा व्हायचा होता. पन्नास-एक खरी माणसं मिळवलीत की बसतो तुमचा आकडा. तीन महिने, रोज. सहासष्ट वर्षांचा माणूस, दुखऱ्या गुडघ्याचा. मांड्यांची काय दशा झाली होती, पाहिलीत?”

अधीक्षकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“महिन्यापूर्वी,” तो हातांमागून म्हणाला. “मी लवकर आलो एकदा. ते फिरत होते. मला बघून म्हणाले, लेका, तू काही पाहिलं नाहीस. मी... दुसऱ्या दिवशी दांड्याला तेल घातलं. जड जाऊ नये म्हणून.”

“थांबवलं नाहीत.”

“दरी गेली असती, बाई! मी प्रत्येक कचेरीचा उंबरा झिजवला. कोणी ऐकेना. सगळे एकच विचारायचे, माणसं किती येतात?”

“आणि काल पाच वाजून दहा मिनिटांनी ते पडले.”

“दांड्यावरच,” तो म्हणाला. आता त्याचं बोलणं थांबेना. “समितीच्या चहाची तयारी करायला आलो होतो. दांड्यावर ओणवे झाले होते, मला वाटलं दम खातायत. ओठ निळे. मी उचलून इथं आणलं. फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, कुठून बोलताय? तेवढ्यात दादांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ठेव फोन. ती माणसं आत्ता येतील. गाडी आली, लोक जमले, तर सगळं बाहेर पडेल. आकडा घेऊन जाऊ दे त्यांना. मग ने मला. मी पडून राहतो.”

“याला साक्षीदार?”

“कोणी नाही.”

“मी तुम्हाला खोटं पाडत नाही. ते असं म्हणाले असतील. त्यांचा स्वभावच तो. पण दुखण्यानं पडलेल्या माणसाचं कोणी ऐकतं का? हट्ट करून न्यायचं असतं. पोटच्या पोरानं नेलं असतं.”

त्या वाक्यानं मारल्यासारखा तो वाकला.

“वीस-पंचवीस मिनिटं, असं म्हटलं मी मनाशी. पण समितीवाले बसून राहिले. एक कप झाला. मग दुसरा मागितला. मी हसत होतो, बाई. माहिती सांगत होतो, पक्ष्यांच्या किती जाती, झाडांच्या किती. आणि त्या भिंतीपलीकडे...” त्यानं भिंतीला हात लावला. “दादा एकदा खोकले. मग काही नाही. मला कळलं, काही नाही म्हणजे काय ते. तरी मी कप भरला.”

दारात हवालदारानं टोपी काढली.

“सव्वासहाला समिती गेली. इथं आलो तेव्हा हात गार होता. मी शेजारी बसलो. तासभर असेन. मग गाडीनं वर नेलं. अजून थोडा उजेड होता. इथं फाटकावर सापडले असते तर चौकशी झाली असती. पण तेवढ्यासाठीच नाही नेलं, बाई. त्यांना घरी ठेवलं मी.”

“मफलर बांधलात.”

“थंडी होती.”

“तुम्हाला बांधायच्या ती फुली काकूंनी ओळखली. काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजल्या.”

हे ऐकून तो रडला. आतापर्यंत रडला नव्हता.

फौजदारबाईंना त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण ते दोन कप त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांनी खिशातला कागद काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“वाचा.”

ते अनुदान मंजुरीचं पत्र होतं. खालची नदी पाच शहरांना पाणी पुरवते, तिचं पाणलोट क्षेत्र राखणं आवश्यक आहे, सबब येणाऱ्यांच्या संख्येची अट रद्द करून उद्यान कायम ठेवण्यात येत आहे. दरीसकट.

“तारीख बघा.”

तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.

“आज जाहीर व्हायचं होतं, म्हणून सचिव काल बोलले नाहीत. आकडा नुसता रिवाज म्हणून घेतला. तुम्ही चहा ओतत होतात, तेव्हा हे त्यांच्या बॅगेत होतं.”

अधीक्षकाचं बोट तारखेवर होतं. ते तिथंच राहिलं. हवालदारानं दंडाला धरून उठवलं, तेव्हा तो उठला. चल म्हटल्यावर चालला. फाटकापाशी आल्यावर मात्र त्याला दांडा ओलांडता येईना. शेजारच्या दारानं न्यावं लागलं.

*

चार दिवसांनी फौजदारबाई काकूंकडे गेल्या. शेजारणी आता येत नव्हत्या. काकू टेबलावर घोंगडी अंथरून दादाच्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. खात्याचं पत्र आलं होतं. कपडे परत करायचे होते. दोन शर्ट झाले होते, तिसरा सुरू होता.

“मळका कसा देऊ?” त्या म्हणाल्या. “बसा.”

बाई बसल्या. कसं सांगायचं ते येताना घोकून आल्या होत्या, पण काकूंना बरंचसं ठाऊक होतं. गाव लहान होतं.

“अर्धा तास जिवंत होता म्हणे तो.”

“हो.”

“पलीकडे तो पोरगा चहा करत होता.”

“हो, काकू.”

इस्त्री कॉलरवरून फिरली. “माझ्या हातचं सहा वर्षं खाल्लं त्यानं. तापानं फणफणला होता एकदा, तर ह्यानं पाठीवर घालून नेला, पावसात, दवाखान्यात. गाडीची वाट नाही पाहिली.” त्यांनी शर्ट उलटला. “उद्यान राहिलं म्हणतात. आकड्यामुळे ना?”

बाईंनी ‘हो’ म्हणायचं ठरवलं होतं. वाटेत दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पण काकू मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या.

“नाही. आधीच ठरलं होतं. पत्र निघालं होतं.”

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“ह्याला कळलं नाही, ते बरं झालं,” अखेर त्या म्हणाल्या. आणि मग, शर्टाची बाही सरळ करत, “बाई, एक करा माझ्यासाठी. त्या पोराला हे सांगू नका.”

फौजदारबाईंनी वर पाहिलं.

“मी त्याचं तोंड बघणार नाही पुन्हा. या दारात त्याला घेणार नाही. पण त्याला वाटू दे, की निदान उद्यान वाचवलं म्हणून. किती वर्षं आत काढावी लागतील त्याला. काहीतरी धरून बसायला नको का माणसाला?”

“काकू,” बाई म्हणाल्या, “मी त्याला दाखवलं पत्र.”

“कधी?”

“पकडलं तेव्हाच. मीच त्याच्या हातात दिलं.”

“कशाला?”

आवाजात राग नव्हता. काकूंना खरंच समजून घ्यायचं होतं. फौजदारबाईंनी तीस वर्षं हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता, आणि उत्तर येईपर्यंत त्या कधी हलल्या नव्हत्या. आता त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या.

मग काकूंनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली.